नुंगंबाक्कमचा जर्मन कोट

पुण्याहून निघालेली गाडी सकाळी चेन्नई सेंट्रलला टेकली, तेव्हा माझ्याजवळ दोन शर्ट, एक भिंग, एक निळा टॉर्च आणि बायकोचा टोमणा एवढंच सामान होतं. "मेलेल्यांचे कपडे आणायला इतक्या लांब निघालात," ती म्हणाली होती. मी जुन्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यांचे गणवेश जमवतो. माणसं तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, पण माझा छंद सांगितला की समोरचा जरा मागे सरकून बसतो. ही दोन हजार सहा सालच्या दसऱ्याची गोष्ट.

एग्मोरच्या लॉजवर अंघोळ उरकली. खाली पोंगल (मुगाची डाळ घातलेली तांदळाची मऊ खिचडी) खाल्ला आणि डवऱ्यातली (पसरट वाटीतली) कापी, म्हणजे कॉफी, सांडत सांडत प्यायलो. दुपारपर्यंत वेळ होता, म्हणून जॉर्ज टाउनच्या जुन्या बाजारात डोकावलो. एका दुकानदारानं मोठ्या ऐटीत "जर्मन जनरलचा" कोट काढून दाखवला. तो लग्नातल्या बँडवाल्याचा होता. मी हसलो तर तो रागावला, रिक्षा कुठं मिळेल तेही सांगेना, आणि उन्हात मला चांगलंच लांब चालत जावं लागलं.

खरा कोट चेन्नईच्याच नुंगंबाक्कम भागात होता. माझा भाचा शहराबाहेरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरीला. तो ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होता ते पंचनदराव म्हणजे तंजावरच्या मराठी घराण्यातले निवृत्त शिक्षक, साठी उलटलेले. त्यांच्या घरी कोट असल्याचं भाच्यानंच फोनवर कळवलं होतं.

"आमचं मऱ्हाटी जुनें. तुम्हास कळतें की?" दार उघडताच त्यांनी विचारलं. कळत होतं, आणि ऐकायला फार गोड वाटत होतं.

पण आत गेलो आणि हादरलोच. आदल्या दिवशी आयुधपूजा (आपली खंडेनवमी) झाली होती, आणि नुकतंच पुन्हा गंध-फूल वाहिलं होतं. शिवणयंत्र, कात्री, टाइपरायटर यांच्या रांगेत करड्या-हिरव्या लोकरीचा तो कोट मांडला होता, गळ्यात झेंडूची माळ, आणि कॉलरवर ओलं गंध नि कुंकू! असल्या कोटाला आम्ही हातमोजे घालून शिवतो. "दर वर्षी लावता?" मी कसंबसं विचारलं. "अप्पा गेल्यापासून मी लावितों. त्याआधी अप्पा लावीत," ते अभिमानानं म्हणाले.

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. दुसऱ्या महायुद्धात ते मद्रासच्या एका पलटणीत कारकून होते. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले आणि जर्मनीत कैदेत पडले. शेवटच्या हिवाळ्यात कैद्यांना बर्फातून चालवत नेत असताना अप्पांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा एका जर्मन अधिकाऱ्यानं अंगातला कोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. याहून जास्त अप्पा कधी बोलले नाहीत. नातेवाईक थट्टा करत की कारकुनानं बाजारातून कोट आणला आणि गोष्ट रचली.

पंचनदराव म्हणाले, "अप्पा सांगत तें खरें की खोटें, तेवढें पाहून सांगा. मग कोट तुमचा."

मी भिंग काढलं. दाणेदार बटणं, त्यांच्या मागचे आकडे, आतल्या खिशातली शिंप्याची चिठ्ठी, हातानं घातलेली काजं, सगळं अस्सल. माझ्या चारही कोटांहून सरस माल होता. मला आनंद लपवता येईना. मग खिडक्या लावायला सांगितल्या आणि तो निळा, अतिनील किरणांचा टॉर्च लावला. जुना धागा त्या उजेडात काळा राहतो, अलीकडचा चमकतो. समोरची बाजू सगळी काळी होती. कोट उलटा केला, आणि पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली, रुपयाएवढी एकच जागा पांढरी चमकली.

ते रफू होतं, घरी केलेलं, फार बारीक. खालचं भोक बाहेरून आत गेलेलं होतं, आणि अस्तरावर तिथंच तपकिरी डाग पसरला होता. ही गोळी होती. अंगातून काढून दिलेल्या कोटाला अशी खूण राहत नाही.

खोटं बोलून कोट नेता आला असता. तो मला हवाच होता. पण त्यांनी विचारलं होतं तेच सांगणं भाग होतं. मी म्हणालो, "कोट खरा आहे. पण ज्याच्या अंगावर होता त्याला पाठीमागून गोळी लागली आहे. वडिलांनी तो बहुधा मेलेल्या माणसाच्या अंगावरून काढला असावा."

पंचनदराव रागावतील असं वाटलं होतं. ते उठून आले आणि म्हणाले, "कोठें? बोट ठेवून दाखवा." मी दाखवलं. त्यांनी त्या रफूवर अंगठा टेकवला आणि तसाच ठेवला.

"दीपावळीस अप्पांच्या पाठीस तेल मी लावीत होतों," ते म्हणाले. "माझा अंगठा येथेंच खळग्यांत जात असे. अप्पा म्हणत, लहानपणचें गळूं."

मेलेल्याचा कोट नव्हताच तो. कोट अंगावर असताना गोळी अप्पांनाच लागली होती. त्या हिवाळ्यात जर्मन कोट दिसला की गोळी कोण झाडत होतं, हे मला कळलं तसं त्यांनाही कळलं असावं.

"आपल्याच पक्षाच्या दोस्त फौजांनी, जर्मन समजून," ते हळूच म्हणाले. "देणारा शत्रू, आणि मारणारे आपले. म्हणून अप्पा पुढें बोलत नव्हते." मग टाक्यांकडे बघत राहिले. "हें रफू अम्माचें, माझ्या आईचें. तिजला ठाऊक होतें."

त्यांनी ताटातलं गंध बोटावर घेतलं, कोटाची पाठ नीट पसरली आणि त्या जागी लावलं. मी अडवलं नाही. माझा टॉर्च तसाच जळत होता, तो विझवायचंही सुचलं नाही. कोट आता देता येणार नाही, क्षमा करा, असं ते म्हणाले. मागायची मलाही लाज वाटत होती. कापी पुढ्यात आली, पण कुणालाच ती प्यायचं भान नव्हतं.

परतीच्या गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही. घरी बायकोनं विचारलं, "मिळाला का कोट?"

"नाही," मी म्हणालो. "तो जगलेल्या माणसाचा निघाला."

तिला काही कळलं नाही. मी कपाट उघडून माझे चारही कोट पलंगावर पालथे घातले. इतकी वर्षं मी बटणं मोजली, कॉलरी तपासल्या, पण पाठी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. तिसऱ्या कोटाच्या पाठीवर एक बुजवलेलं भोक आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी आजवर सांगत आलो की तिथं कसर लागली होती. त्या भोकावर अंगठा ठेवायचा मला धीर झाला नाही.