हातावरचा हुरडा

नुकताच चोळलेला हुरडा माझ्या तळहातावर होता. गरम, हिरवा, वाफा निघत होत्या. आक्कांनी हात पुढे केला होता. मी ओतायला वाकले आणि त्यांनी हात मागे घेतला. पदराला पुसला. काही लागलं नव्हतं, तरी पुसला.

"ऱ्हाऊ दे. दात दुखत्यात," म्हणाल्या.

मी तशीच वाकलेली. मूठ मिटावी की उघडी ठेवावी, कळेना.

तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या एका शेतावरची ही गोष्ट. आक्का म्हणजे मालकाची आई. मालकाला सगळे भाऊ म्हणतात. त्यांनी उसातलं थोडं रान मोकळं करून कृषी पर्यटन काढलंय. थंडीत हुरडा पार्टी असते, पुण्याहून गाड्या येतात. मी तिथं सीझनपुरती कामाला लागले होते. माझं माहेर भीमेपलीकडं, दौंड तालुक्यात, खुटबावच्या बाजूला. सासर तळेगावात. नवरा कंपनीत.

काम मला आवडायचं. खड्ड्यात गवऱ्यांचा विस्तव करायचा, ती आगटी. ज्वारीची कोवळी कणसं त्यात भाजायची, हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि समोरच्याच्या हातावर द्यायचं. ताट नाही, चमचा नाही. हुरडा हातावरून हातावर जातो. तीच त्यातली मजा.

पहिल्या दिवसापासून आक्का माझ्याशी गोड बोलायच्या. शेजारी बसायच्या. "तुमच्याकडं गवरीला काय म्हणत्यात गं?"

"शेणी म्हणतो आम्ही."

"आन् पाटाला?"

"चारी."

हसायच्या. नदी ओलांडली की शब्द बदलतो, याची त्यांना भारी गंमत. मलाही बरं वाटलं. माहेरचे शब्द सासरी कोण विचारतं? मी खुलून सांगत गेले. भाकरीबरोबर जे काही असेल त्याला आमच्याकडं कोरड्यासच म्हणतात, मग ते पातळ का असेना. त्या पुन्हा हसल्या.

मग प्रश्न रानातून गावात शिरले. घर देवळाकडं का ओढ्याकडं? ओढ्याच्या वर का खाली? आखाडात काय तळता? मटणाला वाटण कसलं? मला तेव्हाच खटकायला हवं होतं. बाई शब्द गोळा करत नव्हती, माग काढत होती. शेवटचा प्रश्न तिनं अगदी सहज टाकला, कणसाचा देठ खुडता खुडता.

"नवरात्रात घटाला कुठली माती घेता तुमच्याकडं? काळी का चोपणाची?"

"आमच्या घरी घट बसत न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी हातातलं कणीस बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यानंतरच्याच रविवारी तो हात मागे गेला.

तरी मी स्वतःला समजावलं. म्हातारं माणूस, दुखत असतील दात. उगाच आपल्या मनात पाप. पण थोड्या वेळानं सुरेखाताई माझ्याकडून कणसं घेऊन गेल्या. त्या भाऊंच्याच भावकीतल्या, चटण्या वाढायला असायच्या. मी भाजलेलीच कणसं. त्यांनी चोळली, आक्कांना दिली आणि आक्कांनी मूठभर हुरडा खाल्ला. वर मागून घेतला. सुरेखाताईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी भाऊंनी बोलावलं.

"ताई, तुम्ही उद्यापासून भाजायलाच बसा. चोळायचं सुरेखाताई बघतील. भाजणं तुमच्याइतकं कुणालाच जमत न्हाई."

"चोळायला काय झालं, भाऊ?"

"काय झालं न्हाई. कामाची वाटणी हाय."

कौतुकात गुंडाळून दिलं. विस्तवातून जे निघतं ते यांना चालतं. माझ्या तळव्याला लागलं की दात दुखतात. आणि यातलं एक अक्षर कुणी तोंडानं बोलणार नाही. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त शंका. कालपर्यंत कोण कोण माझ्या हातचं का टाळत होतं, ते सगळं मी मनात उलगडत बसले. पाण्याचा तांब्या. भाकरी थापायला न बोलावणं. आक्कांचं ते सगळं हसणं.

नवरा म्हणाला, "सीझनपुरतं तर काम. कशाला डोक्यात घेती?"

डोक्यात त्यांनी घातलं होतं. मी फक्त काढून बघत होते.

पुढच्या रविवारी मी धुरात भाजायला बसले. आगटीभोवती पाहुण्यांचं कोंडाळं होतं. भाऊंनी नेहमीसारखा माईक घेतला. "मंडळी, हुरडा हातावरच घ्यायचा. ही आपली परंपरा. पूर्वी एका आगटीभवती सगळं गाव बसायचं. कुणी लहान न्हाई, कुणी मोठं न्हाई."

सगळं गाव! माझे वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी मोठ्यांच्या रानात आगटी पेटली की आमची माणसं बांधाच्या पलीकडं बसायची. हुरडा वरून पडायचा. पदर पसरायचा, अंतर राखायचं. त्या बांधालाच हे माईकवर परंपरा म्हणत होते.

माझ्या हातात कणीस होतं. मी ते चोळलं. चांगलं रगडून चोळलं. फुंकर मारली. उठले आणि आक्का खुर्चीत बसल्या होत्या तिथं गेले. तळहात पुढे केला.

"आक्का, घ्या."

त्यांनी भाऊंकडं पाहिलं.

"घ्या, न्हाईतर का घेत न्हाई ते माईकवर सांगा."

भाऊ हसले. "आमच्या ताई लई थट्टेखोर हायेत बरं का."

"थट्टा न्हाई, भाऊ."

माईक चालू होता. माझा श्वाससुद्धा त्यात ऐकू येत होता. पाहुण्यांतली एक बाई पुढे झाली. एका हातात मोबाईल, दुसरा हात पसरलेला. "मला द्या ना, प्लीज." तिला खरंच वाईट वाटलं होतं का व्हिडिओ हवा होता, मला आजही कळलेलं नाही. मी म्हणाले, "हा तुमच्यासाठी न्हाई."

आक्का विस्तवाकडं बघत राहिल्या. दाणे गार झाले. मग मीच खाल्ले, त्यांच्यासमोर उभं राहून. छान भाजले होते.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन. "माणसं जास्त झालीत. येऊ नका." याही वेळी कारण दुसरंच. मी विचारलं, "खरं कारण सांगा." फोन कट.

आता मी तळेगावच्या आठवडे बाजारात बसते. कणसं माहेराहून आणते, भीमेपलीकडून. लोखंडी घमेल्यात आगटी करते. लोक थांबतात, चव मागतात. एखादी गोड बोलून विचारतेच, "कुठल्या तुम्ही? तिकडं काय म्हणत्यात याला?"

मी तिला माग काढायला लावत नाही. गाव सांगते. घर ओढ्याच्या खाली, हे सांगते. घट बसत नाही, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, हे सांगते. मग चोळते, फुंकते आणि हात पुढे करते.

कुणी घेतं. कुणाचे दात दुखतात, कुणाला उपास आठवतो, कुणाची गाडी चुकत असते. मी हात मागे घेत नाही.

"का घेत न्हाई, ते सांगून जा," म्हणते. मोठ्यानं. शेजारच्या भाजीवालीला ऐकू जाईल असं. तोंडानं कारण सांगितल्याशिवाय माझ्यासमोरून कुणाला जाऊ देणार नाही.