बावखलाकाठचे कोरे दगड

गावच्या बावखलाकाठी माजी सैनिकांचं स्मृतिउद्यान करायचं ठरलं, तेव्हा कागदपत्रांचं काम आपोआप माझ्याकडे आलं. तुळिंजच्या एका शाळेच्या ऑफिसात मी वीस वर्षं दाखले आणि हजेरीपत्रकं सांभाळते आहे, त्यामुळे गावात काहीही निघालं की "वही घेऊन ये" असा निरोप येतो.

बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी बागा त्यावरच पिकत. मधल्या काळात त्यात जलपर्णी आणि प्लास्टिक एवढंच उरलं होतं. ते उपसायचं, भोवतीच्या बांधावरून फिरायची वाट करायची आणि वाटेच्या कडेला सैनिकांच्या नावांचे दगड उभे करायचे, अशी कल्पना होती. कुणापुढे हात पसरायचा नाही, जे होईल ते गावातूनच, हेही पहिल्या बैठकीत ठरलं. असे ठराव मी बरेच लिहून घेतले आहेत आणि ते वहीतच राहिलेले पाहिले आहेत. हा राहिला नाही. घराघरातून वर्गणी आली. नंदाखाल गावच्या एका व्याह्यांनी नारळाची रोपं पाठवली. कोळ्यांच्या पाचूबंदरला माहेर असलेल्या एका सुनेने भावांकडून होडीचा जाड दोर आणवला, तो खांबांतून ओवून वाटेला कठडा झाला. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून आलेले आणि देवळाजवळच्या आळीतले लोक एकाच गाळात गुडघाभर उभे असत आणि एकमेकांना शिव्या देत घमेली पुढे सरकवत.

माझ्याकडे सैनिकांची यादी होती. एकोणीस जण, काही हयात, काही गेलेले. प्रत्येकाच्या घरी जाऊन पूर्ण नाव, हुद्दा, पलटण तपासून घ्यायची. त्या फेरीतच मी गावातल्या म्हाताऱ्या काकींकडे गेले.

काकींचे यजमान हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि चार वर्षांपूर्वी वारले. काकींनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. वर फौजेचं पुस्तक, खाली सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा.

"पत्रं वाच हवी तर," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावानं वाचलीत. मीच तेवढी राहिले."

काकींना अक्षरओळख नाही. आता नजरही बरीच गेली आहे. यजमान सीमेवर असताना पत्र आलं की शेजारच्या घरातली सून ते वाचून दाखवायची आणि उत्तरही तीच लिहायची.

"बाय, एक सांग. त्यांचं नाव दगडावर येनार. ते मला कोनाला न विचारता सापडल का?"

"मी दाखवीन ना, काकी."

"दाखवू नको. सगळं दुसऱ्यांनीच दाखवलं जलमभर. हे माझं मला सापडलं पायजे."

मी घाईत "बघते" म्हणाले. वहीत मात्र लिहिलं, "काकींना दगड दाखवणे." घरी येऊन ती ओळ वाचली आणि माझीच मला लाज वाटली.

समितीच्या बैठकीत दगडांच्या क्रमावरून आधीच जुंपली होती. अध्यक्ष होते आमचे सुभेदार काका. त्यांचं म्हणणं, फौजेत सगळं हुद्द्याप्रमाणे चालतं, इथेही तसंच हवं. मी आडनावांच्या अक्षरांप्रमाणे यादी करून नेली होती. मी काकींची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "डोळ्यांनी वाचता येत नसेल, तर नाव कुठल्या क्रमाने सापडेल?"

"हिच्याकडे यादीचीसुद्धा यादी असते," सुभेदार काका म्हणाले. "तूच सांग."

खरं तर उत्तर काकींकडेच होतं. लग्नाच्या पत्रिका छापायची पद्धत गावात रुळेपर्यंत तोंडी आवतण द्यायला काकीच जात, हिंदूंच्या लग्नाचं आणि ख्रिस्ती घरांतल्या लग्नाचंही. क्रम ठरलेला. देवळापाशी सुरुवात, जाताना उजवी ओळ, चर्चच्या क्रुसाला वळसा, येताना दुसरी ओळ. एकही घर गाळायचं नाही, नाहीतर वर्षभर रुसवा. तो क्रम त्यांना आजही झोपेत विचारला तरी येतो. बांधावरची वाटही तशीच गोल जाऊन परत येणारी. मग दगड घरांच्या क्रमाने का नकोत?

सुभेदार काकांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे मी शिपायाच्या मागे उभा राहणार?"

"तुमचं घर त्याच्या घराच्या मागेच आहे, काका."

सगळे हसले, तेही हसले आणि ठराव झाला.

दगड घडवायला देण्याआधी जागा नीट आखावी म्हणून एका शनिवारी आम्ही बांधावर एकोणीस सुके नारळ मांडले, घरांच्या क्रमाने. काकींना बोलावलं. त्यांनी दोराला हात लावला आणि पुटपुटत निघाल्या, घरांची नावं घेत. एकेका नारळाला पाय लागला की थांबत, पुढे जात. तिसऱ्याच नारळाशी त्या गोंधळल्या. मागे आल्या. पुन्हा निघाल्या, पुन्हा तिथेच अडल्या.

"चुकलं गो बाय. मधली घरं कुठं गेली?"

"त्या घरांत कुणी सैनिक नव्हतं, काकी."

"म्हनून काय उडी मारून जायचं? माझ्या घराला लागून तिचं घर होतं. पत्रं वाचायची ती. ते घर गाळून माझ्या घरी कशी पोचू?"

मला एकदम आठवेना. ते घर कधीच पडलं, ती माणसं शहरात गेली, तिथे आता बिल्डिंगचं पार्किंग आहे. माझ्या कुठल्याच यादीत ते नव्हतं.

समितीतल्या एकाने हळूच म्हटलं, "सगळ्या घरांचे दगड म्हणजे बासष्ट होतील. कोऱ्या दगडांवर लिहायचं तरी काय?"

"काय नको लिवू," काकी म्हणाल्या. "मला कुठं वाचता येतंय."

सुभेदार काकांनी वाकून घसरलेला एक नारळ पुन्हा जागेवर ठेवला. मग म्हणाले, "मी बर्फात होतो त्या वर्षी आमच्या घराची मागची भिंत पडली. आईने मला कळवलंच नाही. सुट्टीवर आलो तर भिंत उभी. कुणी बांधली विचारलं, तर म्हणाली, आळीने. वहिनी बरोबर बोलतायत. कोरे दगड पण लावा. आमची घरं त्या घरांनीच सांभाळली."

मी गावात कितीतरी समित्या पाहिल्या. आपलं नाव यावं म्हणून भांडणारी माणसं नेहमीची. आपल्या दाराचा कोरा दगड यावा म्हणून आनंदाने जास्तीचे हात लावणारी माणसं मी त्या महिन्यात पहिल्यांदा पाहिली. आमच्या घरातून कुणी फौजेत गेलं नाही. आमचाही दगड कोराच आहे, आणि त्याच्या पायाशी माती मी स्वतः दाबली.

उद्घाटनाच्या सकाळी भाषणं आटोपली. काकींना धरायला चार जणी धावल्या.

"हात सोडा," त्या म्हणाल्या. "आवतन द्यायला मला कोन न्यायला येत होतं?"

एक हात दोरावर, दुसरा दगडांच्या दर्शनी बाजूवर. गुळगुळीत, गुळगुळीत, मग अक्षरांच्या खाचा, मग पुन्हा गुळगुळीत. प्रत्येक दगडाशी त्या घराचं नाव घेत. गावातली माणसं मागून चालत होती. बांधावर क्रुसाच्या जागचा वळसा यायच्या आधी एका कोऱ्या दगडावर त्यांचा हात नेहमीपेक्षा जास्त थांबला. "ही वाचनारीन," त्या म्हणाल्या. एक पाऊल पुढे टाकलं आणि पुढच्या दगडाच्या खाचांत बोटं घातली. वरून खाली, सगळ्या ओळींवरून. मग तिथेच खाली बसल्या, पाठ दगडाला लावून.

मी जरा लांब उभी होते. त्यांनी मान वळवली.

"बाय कुठाय? ये इकडं. सापडलं माझं मला. आता तू वाच बघू, बरोबर लिवलंय का. हवालदार पायजे. त्याखालचं नाईक लिवलं असंल तर त्यांना चालायचं नाय."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि मोठ्याने वाचलं.