निंबाची डहाळी

बाबा पाटलाच्या ओट्याखाली उभे होते. वहाणा हातात. ते गावचे कोतवाल. गावात कोणी मेलं की पोलीस पाटलाला जाऊन सांगायचं, हे त्यांचं काम. त्या सकाळी ते स्वतःच्या मुलीचं, माझ्या बहिणीचं, मरण सांगायला आले होते. मी मागे उभी होते.

"कायनं मेली?" पाटलाने सुपारी कातरत विचारलं.

"हगवणीनं, मालक. बोडीचं पानी पेली."

"पानी नाई. सडली मासोळी खाल्ली असन. तुमाले काय, काईबी चालते. उद्या डाक्टर येऊन राहिला, त्याले हेच सांगजो."

"जी, मालक."

बोडी म्हणजे आमच्या वस्तीजवळचं लहान तळं. म्हशी त्यातच बसत. गावच्या विहिरीला आम्ही हात लावायचा नाही. बायका घागरी घेऊन खाली बसत. वरून कोणी ओतलं तर पाणी. त्या उन्हाळ्यात विहीर खोल गेली आणि ओतणं थांबलं. उरली बोडी. पाण्याचं नाव निघालं, तर डॉक्टर विहीर आम्हालाही खुली करायला सांगतील. पाटलाला हे नेमकं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची जीप आली. बाबांनी हात जोडले.

"मासोळी खाल्ली, साहेब."

मी पवनीला हायस्कुलात शिकत होते. वर्गातही फारशी बोलत नसे. तिथे बोलले.

"खोटं आहे, साहेब. बहीण आजारी पडायच्या आधीपासून धाकट्या भावाला माता आली आहे, गोवर. दाराला निंबाची डहाळी बांधली आहे. माता घरात असताना मासोळी शिजत नाही. फोडणीसुद्धा नाही. पाटलांच्या घरीही हीच रीत. त्यांनाच विचारा."

डॉक्टरांनी पाटलाकडे पाहिलं. रीत नाही, असं चारचौघांत त्याला म्हणता येईना.

"वर कळवतो," एवढंच बोलून डॉक्टर जीपमध्ये बसले. धूळ खाली बसली.

पाटील बाबांना म्हणाला, "तुही पोरगी बहुतच शिकली, कोतवाल."

बाबांचे हात अजून जोडलेलेच होते.

घरी धाकटा तापात पाणी मागत होता. आई घागर घेऊन बोडीकडे निघाली होती. तीच वाट, तेच पाणी. मी घागर तिच्या हातून घेतली. खुंटीवरचा दोर खांद्यावर टाकला.

"कोठी जाऊन राहिली, बाई?"

"विहिरीवर."

खाली बसायला नाही. दोर सोडायला.