मिठागरात मागितलेला पाऊस

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी बावीस वर्षांचा होतो आणि देवाने आपल्याला बोलावलं आहे याची खात्री नगर जिल्ह्यातल्या माझ्या गावी मला जेवढी होती, तेवढी भाईंदरला आल्यावर उरली नव्हती. आमच्या मंडळीने, म्हणजे गावच्या चर्चने, मला दोन वर्षांच्या सेवेसाठी इथे पाठवलं होतं. आठ महिने झाले, तरी एकाही घरात कोणी मला 'बस, प्रार्थना कर' असं म्हटलं नव्हतं. लोक वाईट वागत नसत. इंद्रलोक भागातल्या नव्या इमारतींत दार अर्धं उघडून 'अभी टाइम नहीं है' म्हणत, कोणी पाणी देत, कोणी माझ्या हातातली पत्रकं घेऊन त्यांवर मुलांना चित्रं काढायला बसवत. मी जिने चढत होतो, उतरत होतो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाटायचं की हे बोलावणं माझं नव्हतंच, दुसऱ्याच कोणाचं तरी मी चुकून ऐकलं.

भाईंदरच्याच नवघर भागातल्या एका चाळीत मी आणि सॅम्युएलदादा एका खोलीत राहायचो. दादा मिरजेचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आणि सेवेत मुरलेले. पहाटे नळाला पाणी यायचं, म्हणून प्रार्थना आधी की बादली आधी, हा आमचा रोजचा वाद. दादा म्हणत, "बादली आधी. देव थांबतो, नळ थांबत नाही." मग स्टोव्हवर चहा, वाचन, आणि आठ वाजता बाहेर. दमट हवेची मला सवय नव्हती. आमच्याकडे ऊन भाजतं, इथलं ऊन शिजवायचं. शर्ट अंगाला चिकटलेला, पत्रकं घामाने मऊ झालेली, आणि डोकं मात्र भलत्याच गोष्टींत गुंतलेलं. मला सगळ्याचंच कुतूहल. वस्तीच्या मागे मिठागरं होती, चौकोनी वाफ्यांत खाडीचं पाणी अडवलेलं, आणि त्या पाण्याचा रंग आठवड्यागणिक बदलायचा. आधी मातकट, मग तांबूस, मग एक दिवस कडेला पांढरी साय धरायची. मी बांधावर उभा राहून बघत बसायचो. दादा चिडवायचे, "सुवार्ता सांगायला आलायस की मीठ शिकायला?"

त्या मिठागरातल्या काही वाफ्यांवर हिराकाकी आणि त्यांची सून राबत. नवरा वारलेला, मुलगा कंपनीत पाळीवर जायचा. काकी आगरी, साठीच्या, तळपायांना भेगा पडलेल्या, बोलणं रोखठोक. मी रोज बांधावर उभा दिसतो म्हणून त्यांनीच एकदा हाक मारली. माझ्या प्रश्नांना त्या कंटाळल्या नाहीत. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात का सोडायचं, वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट का करायची, सगळं त्यांनी सांगितलं. "मिठाला ऊन लागतं न वारा लागतो. बाकी आपन नुसतं राखन करायचं," असं म्हणाल्या. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी त्यांनी मला घरात बोलावून पाणी दिलं आणि सहज विचारलं, "तू देवाचं करतोस मनं. काय करतोस ते करून दाखव की." आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणी तरी असं म्हणत होतं. मी डोळे मिटले, हात जोडले, आणि लहानपणापासून घरी जशी प्रार्थना ऐकली तशी सुरू केली. आमच्या गावात प्रार्थना कुठूनही निघो, बाळाच्या तापापासून की कोणाच्या लग्नापासून, ती संपते एकाच ठिकाणी. टँकरची वाट बघणारी माणसं आम्ही. "प्रभू, या घरावर कृपा कर, या माऊलीचे कष्ट पाहा, आणि लवकर पाऊस पाठव, भरपूर पाऊस—"

माझं मनगट कोणी तरी घट्ट धरलं. डोळे उघडले तर काकींचा चेहरा पांढराफटक. "ए बाला, गप! पावसाला कशाला हाका मारतोस? माजं सगलं मीठ बाहेर हाय!"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझं झालं होतं. तीन आठवडे उन्हात धरलेलं मीठ वाफ्यांत तयार होतं. दोन-तीन दिवसांत ते ओढून राशी घालायच्या होत्या. त्या मिठावर त्यांचं वर्ष चालायचं, आणि मी त्यांच्याच घरात बसून त्याच्यावर पाणी मागत होतो. मी माफी मागितली. सून दारात उभी राहून आभाळाकडे बघत होती. मी शरमेने मान खाली घालून निघालो. माझ्या प्रार्थनेने कधी काही घडतं यावर माझाच विश्वास उरला नव्हता, आणि ती बाई मात्र घाबरली होती, कारण तिला वाटत होतं की वर कोणी तरी ऐकतंय. हा विचार माझ्या मनातून जाईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत बसून मंडळीच्या प्रमुखांना पत्र लिहीत होतो. सेवा सोडून घरी परत येऊ द्यावं, एवढंच त्यात होतं. लिहिता लिहिता खोलीत अंधारलं. खिडकीतून पाहिलं तर खाडीकडून काळंभोर आभाळ चढत होतं. एप्रिलमध्ये! पत्र तसंच टाकून मी मिठागराकडे पळालो.

काकी आणि सून लांब दांड्याच्या लाकडी फावड्यांनी मीठ ओढून बांधावर टाकत होत्या. वाफे बरेच, हात चारच. मला पाहून काकी ओरडल्या, "आता सांग तुज्या देवाला, थांब मनावं! तुजं आयकतो तो!" मी हात जोडले. याच ढगाकडे बघून माझी आई गावी हात जोडत असेल. कोणत्या तोंडाने म्हणू, पाऊस नको? शेवटी मनात एवढंच आलं, 'तुला कळतं, मला कळत नाही,' आणि मी चपला काढून वाफ्यात उतरलो. मिठाने पाय कापले गेले, तरी ओढत राहिलो. राशी उभ्या राहिल्या, पण झाकायला काही नव्हतं. गवत अजून आणलं नव्हतं, ते मेअखेरीस आणतात.

तेवढ्यात रस्त्यावर विटांनी भरलेला एक टेंपो थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याने एकदा आभाळाकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि गाडीवरची ताडपत्री सोडायला लागला. "नमक है ना? ये लो, डालो जल्दी. ईंट का क्या है, भीगती रहेगी." वारा ताडपत्री उडवत होता, तर गडी आपल्याच विटा आणून तिच्या कडांवर ठेवत सुटला. शेवटची वीट ठेवली आणि टपोरे थेंब सुरू झाले.

पाऊस अर्धा तास पडला. दोन वाफे ओढायचे राहिले होते, ते आमच्या डोळ्यांदेखत विरघळून पाणी झाले. बाकीचं मीठ वाचलं. हा चमत्कार होता की काय, मला माहीत नाही. देवदूत काम करून अदृश्य होतात असं ऐकलं होतं. आमचा हा गृहस्थ पुढच्या आठवड्यात ताडपत्री मागायला आला, काकींच्या घरी चहा प्यायला आणि विटाही घेऊन गेला.

मी काकींना म्हणालो, "दोन वाफे माझ्यामुळे गेले." त्या पदराने तोंड पुसत हसल्या. "तुजा देव आयकतो रं. फकत त्याला पत्ता बरोबर देत जा." पत्र मी पाठवलं नाही. दादांना सगळं सांगितलं, तेव्हा ते हसायचे थांबेनात.

त्या दिवसापासून कोणासाठीही प्रार्थना करण्याआधी मी विचारतो की तुम्हाला काय हवंय. माझी जीभ सवयीने धावते, माणसाची गरज मात्र तिच्या जागी असते, आणि ती पाहिल्याशिवाय मागणं म्हणजे देवाला शहाणपण शिकवणं. महिनाभराने मीठ विकून झालं, तेव्हा काकींनी मला पुन्हा घरात बसवलं आणि म्हणाल्या, "कर तुजी प्रार्थना." मी विचारलं, "काय मागू, काकी?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं.

"आज कायबी नको मागू," त्या म्हणाल्या. "नुसता बस."

आम्ही तिघं डोळे मिटून बसलो. मी काहीही मागितलं नाही, वहीत लिहिलेलं 'आपन नुसतं राखन करायचं' तेव्हा मला उमगलं, आणि मला देवाने बोलावलं आहे याबद्दल त्यानंतर कधी शंका आली नाही.