आबांनी मान वाकवली ती शालीसाठी

आबांनी मान वाकवली ती शालीसाठी. स्टेजवर बोलावतात म्हणजे सत्कार करतात, असं मीच, त्यांच्या मुलीनं, त्यांना सांगितलं होतं. दिवसभर त्यांनी तेच बघितलं होतं. ज्याचं नाव पुकारलं तो वर गेला, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो निघाला. संध्याकाळी त्यांचं नाव पुकारलं. आबांनी चपला पायरीशी काढल्या. दिवसभरात दुसऱ्या कुणी काढल्या नव्हत्या. वर जाऊन ते आमच्या विभागप्रमुख सरांसमोर उभे राहिले, हात जोडले आणि मान खाली घालून थांबले.

सर माईकमध्ये म्हणाले, "अहो बाबा, मान काय खाली घालता? कंबर हलवून दाखवा जरा!"

सभागृह हसलं. प्राध्यापक हसले, पोरं हसली, पहिल्या रांगेतले संस्थेचे सचिव पोट धरून हसले. परदेशातून आलेल्या बाई हसल्या नाहीत, कारण त्यांना मराठी येत नव्हतं. सरांनी इंग्रजीत समजावून सांगितल्यावर त्याही हसल्या.

आबा वाकलेलेच. त्यांना वाटलं साहेब गंमत करतायत, शाल मागून येईल.

ती माझी परिषद होती. असं म्हणायचा मला अधिकार नाही, कारण कुठल्याच फ्लेक्सवर माझं नाव नव्हतं. तरी म्हणते. जालन्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचे. जेवढे तास, तेवढे पैसे. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. दरवर्षी जूनमध्ये सरांच्या केबिनबाहेर उभं राहायचं आणि यंदा घेताय का, असं विचारायचं. सरांना एक आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची होती. विषय मी सुचवला, रेनेसाँ काळातलं इंग्रजी नाटक. सर म्हणाले, "जालन्यात? कोण येईल?" मी म्हटलं, बोलवून बघू.

मग दिवाळीच्या आधीपासून मी मान मोडून काम केलं. परदेशातल्या विद्यापीठांना मेल मी लिहिले. खाली सही सरांची. आलेले निबंध मी वाचले, निवडले, ज्यांचे नाकारले त्यांची समजूत मी काढली. संभाजीनगरच्या विमानतळावरून पाहुण्यांना आणायच्या गाड्या मी ठरवल्या. गावातल्या मस्तगड भागातल्या एका शेठजींनी सगळ्यांना पिशव्या दिल्या, त्या आणायलाही मीच गेले. माहितीपत्रक छापून आलं, तेव्हा सल्लागार समिती, संयोजन समिती, संपादन समिती असं सगळं होतं. माझं नाव शेवटच्या पानावर होतं, भोजन समितीत. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही कायम नाहीत ना. नियम आहे." नियम त्यांना बरोबर माझ्याच वेळी आठवायचे. पण मी गप्प बसले, कारण माझा निबंध स्वीकारला गेला होता.

तो निबंध आबांमुळे झाला.

चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात बाईला नाटकात उभं राहायची मुभा नव्हती. राणी, प्रेयसी, आई, सगळ्या भूमिका पोरं करायची. दाढी न फुटलेली पोरं. एखाद्या मोठ्या नटाच्या हाताखाली त्यांना ठेवायचे, तो शिकवायचा आणि त्यांच्या कमाईवर जगायचा. एम.ए.ला असताना हे पहिल्यांदा वाचलं आणि पुस्तक मिटलं. हे तर आमच्या घरातलं होतं.

आमचं गाव धावडा, भोकरदन तालुका. गावाच्या कडेला मातंग वस्ती, तिथं आमचं घर. आबा पोरवयातच एका लहानशा तमाशाच्या फडात गेले. त्या फडाला बाया परवडत नव्हत्या. बाईचा पार्ट पोरांनीच करायचा. आबा साडी नेसायचे, घुंगरं बांधायचे, नाचायचे. लग्न झालं, मी झाले, तरी नाचत होते. मग वाटूरला एका रात्री खेळ सुरू असताना समोरच्या एका पाटलानं ओरडून विचारलं, "काय रे, पोरगी झाली म्हनं? बरं झालं, फडाची सोय झाली!"

आबांनी त्या रात्री घुंगरं सोडली ती सोडलीच. आईला आणि मला घेऊन जालन्याला आले, लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर लागले. मला शाळेत घातलं. आणि एक नेम धरला. माझ्यासमोर पाऊल उचलायचं नाही. घरात लग्न असो, वरात असो, आबा मागं जाऊन उभे राहायचे. हलगी वाजायला लागली की त्यांच्या पोटऱ्या थरथरायच्या, ते मी बघितलंय. पण माझ्यासमोर ते कधी नाचले नाहीत.

निबंधासाठी मी त्यांच्या मागं लागले. आधी चिडले. मग एकेक सांगायला लागले, तेही बसून, हात गुडघ्यावर ठेवून, फक्त तोंडानं. पदर कसा घ्यायचा, चालताना टाच कधी टेकवायची, पुरुषी आवाज कुठं लपवायचा. मी त्यांना लंडनच्या पोरांचं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मंग त्या पोराहीचा आवाज फुटल्यावर त्याहीचं काय झालं?"

मी म्हटलं, "आबा, थोड्यांचं लिहून ठेवलंय. बाकीच्यांचं कुणी लिहिलं नाही."

"न्हाईच लिहिणार," आबा म्हणाले. "माझा आवाज जाडा झाला, तवा मला म्हनले, नाच तू, गानं दुसरा म्हनल. मंग म्हनले, नाचून झालं की पेट्या उचल."

त्या एका प्रश्नावर माझा अख्खा निबंध उभा राहिला. सरांनी वाचला. दोन दिवसांनी केबिनमध्ये बोलावलं. मग म्हणाले, "वडिलांना घेऊन या परिषदेला. त्यांचा मान राखू."

मी वेडी. खरं मानलं.

आबांना नवा सदरा घेतला. फेटा त्यांनी स्वतः धुऊन, ताणून वाळवला. रिक्षात मला म्हणाले, "तिथं मला बोलाया तर न्हाई ना लावणार?" मी म्हटलं, नाही आबा, फक्त सत्कार आहे.

आणि आता ते स्टेजवर उभे होते आणि मी दाराशी. पाहुण्यांसाठी कमी तिखटाचं वेगळं काढा, असं आचाऱ्याला सांगत होते. आत हसणं ऐकलं म्हणून वळले.

सर माईकवर सांगत होते, "आज सकाळपासून आपण बाईचं काम करणाऱ्या पोरांवर चर्चा केली. आता प्रत्यक्ष नमुना बघा." नमुना म्हणाले ते. माझ्या बापाला. कुणीतरी मोबाईलवर लावणी लावली आणि मोबाईल माईकला चिकटवला. आबांनी हळूच मान वर केली. शाल येणार नाही हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी सरांच्या जवळ जाऊन काहीतरी विचारलं. त्यांनी काय विचारलं हे मला नंतर कळलं. "साहेब, माझी पोरगी हितं हाय का?" सर म्हणाले होते, "त्या जेवणाकडं आहेत. तुम्ही सुरू करा. त्यांचं यंदा कायमचं बघायचंय आपल्याला."

कायमचं. त्या एका शब्दावर माझा म्हातारा बाप नाचला.

मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाला नाचताना बघितलं. गुडघा वाकत नव्हता तरी वाकवला. नव्या सदऱ्याच्या टोकाचा पदर केला. मान अशी वळवली की पोरं शिट्ट्या मारायला लागली. सगळ्यांचे मोबाईल वर.

तेवढ्यात सचिवांनी खिशातून नोट काढली. दोन बोटांत धरून उंच केली, तमाशात करतात तशी. तमाशात नोट दिसली की कलावंतानं जवळ यायचं, वाकून घ्यायची आणि देणाऱ्याचं नाव पुकारायचं. आबांचे पाय आपोआप तिकडं वळले. डोक्यानं नाही, अंगानं ओळखलं. कडेला आले, वाकले, हात पुढं केला. सचिवांनी नोट मागं ओढली. पुन्हा पुढं केली. पुन्हा ओढली. लोक हसून लोळायचे बाकी होते. आबांच्या ओठांवर सचिवांचं नाव आलं होतं, आणि त्याच वेळी त्यांची नजर दाराकडं गेली.

मी दिसले.

त्यांचा हात तसाच पुढं राहिला. चेहरा पडला. मी त्यांना भट्टीवर भाजून आलेलं बघितलंय, आईच्या सरणाशी बघितलंय. असं कधी बघितलं नव्हतं. ह्या माणसानं माझ्यासाठी एकच गोष्ट जन्मभर सांभाळली होती आणि ती माझ्यासाठीच मोडली होती. माझ्या आत जे काही तुटलं ते अजून जोडलं गेलेलं नाही, आणि ते जुळावं असं मला वाटतही नाही.

मी मधल्या वाटेनं पुढं गेले. स्टेजवर चढले. माईकवरचा मोबाईल काढला. गाणं थांबलं.

"कार्यक्रम संपला," मी म्हटलं.

सर दात दाखवत पुटपुटले, "मॅडम, पाहुणे बसलेत. शोभतं का हे?"

"मग तुम्ही नाचा, सर."

माईक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं. या वेळी कुणी हसलं नाही. मी आबांचा हात धरला, तो हात अजून पुढंच होता. खाली आणलं. त्यांच्या पायात चपला मी सरकवल्या, ते खाली वाकतच नव्हते. परदेशी बाई उठून आल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, तुमचे वडील फार सुंदर नाचतात. मी त्यांना इंग्रजीतच उत्तर दिलं, "ते नाचत नाहीत." त्यांना ते कळलं नाही.

रिक्षात आबा बाहेर बघत बसले. घराजवळ आल्यावर एवढंच बोलले.

"तू जेवनाकडं होती ना माय?"

"होते, आबा."

"मंग काहून आली?"

दुसऱ्या दिवशी माझ्या निबंधाची वेळ होती. मी गेले. वेळेअभावी रद्द, असं सांगितलं. त्याच निबंधातली पानं सरांनी आपल्या समारोपाच्या भाषणात वाचली. मी मागच्या रांगेत बसून ऐकली. आबांचा प्रश्न त्यांनी वगळला होता.

आता त्या परिषदेचं पुस्तक निघतंय. परदेशातली प्रकाशनसंस्था आहे. सर संपादक. माझा निबंध त्यात आहे, सरांचं नाव आधी, माझं नंतर. आणि मुखपृष्ठावर त्यांना हवाय आबांचा फोटो. तोच. वाकलेला म्हातारा, पुढं केलेला हात, नोट चौकटीच्या बाहेर. परदेशी लोकांचा नियम असा की ज्याचा फोटो त्याची लेखी परवानगी पाहिजे. सरांना पुन्हा नियम आठवला. कागद घेऊन शिपाई आमच्या घरी आला. त्यानं सरांचा निरोप सांगितला. सही झाली की मॅडमच्या जागेचा प्रस्ताव पुढं जाईल.

आबांनी कागद घेतला. भट्टीवर असताना सही करायला शिकले होते, त्याचा त्यांना अभिमान होता. मला म्हणाले, "दे पेन. जल्दी करून टाकू. एकदा नाचलो, आता फोटोनं काय बिघडतं?"

"सही करायची नाही, आबा."

"तुझी नोकरी जाईल ना गं."

"जाऊ द्या."

"अगं, तू पाह्यलंच ना. आता लपवायचं काय राह्यलं?" माझ्याकडं न बघता म्हणाले. त्या संध्याकाळपासून ते माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीत. ताट वाढलं तर ताटाकडं बघतात. मी घरात आले की उठून ओट्यावर जातात. मी समोर उभी राहून रडले तरी त्यांनी मान वर केली नाही. माझा बाप जिवंत आहे, बाजूच्या खोलीत आहे, आणि मला तो परत मिळत नाहीये.

मी कागद फाडला नाही. कोराच परत पाठवला. संध्याकाळी सरांचा फोन आला.

"एका सहीनं काय जातंय तुमचं? उलट वडिलांचं नाव होईल जगात."

"नाव? फोटोखाली काय लिहिणार आहात, सर?"

ते म्हणाले, "लोककलावंत. जालना."

"म्हणजे नावसुद्धा नाही. सही मिळणार नाही. माझा निबंधही मी काढून घेतेय, प्रकाशकांना मेल गेलाय. खाली सही माझी आहे."

"यंदाच्या तासिकांचा विचार करा, मॅडम."

"केला."

जून उजाडला, मला एकही तास मिळाला नाही. शिकवणीला येणाऱ्या मुलींवर घर चाललंय. सरांनी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा कागद पाठवला, मग तिसऱ्याकडून. आबा दर वेळी पेन शोधतात. दर वेळी मी कागद कोरा परत देते. आबा थकलेत. खोकला जात नाही. सरांना घाई नाही, हे मला कळतं. ते वाट बघतायत. म्हातारा गेला की सही वारसाची लागेल, म्हणजे माझी, आणि तोवर मी पोटासाठी वाकेन असं त्यांना वाटतं.

लागू द्या. मी देणार नाही. आबा असेपर्यंत नाही आणि आबांनंतरही नाही.