बाईची कंबर कवापासून दुखते

दहावीच्या वर्गाला मी दरवर्षी वेळेचं इंग्रजी शिकवते. गोष्ट कधी सुरू झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ चालली ते सांगायचं तर ‘फॉर’. अमुक दिवसाच्या आत उरकायची असेल तर ‘बाय’, अमुक दिवसापर्यंत चालत राहणार असेल तर ‘टिल’. फळ्यावर एक आडवी रेघ ओढते, तिच्या सुरुवातीला एक ठिपका देते आणि सांगते, बाबांनो, ठिपका वेगळा आणि रेघ वेगळी. इंग्रजीला या दोघांची गल्लत चालत नाही. आपण मात्र सगळ्याला ‘पासून’ लावून मोकळे. सोमवारपासून ताप आहे, तीन दिवसांपासून ताप आहे. पोरं माना डोलावतात आणि पेपरात पुन्हा तीच चूक करतात. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी ओरडते, डोकं आहे की खोकं?

मी चंद्रपूरकडच्या सिंदेवाहीत राहते, शाळाही तिथलीच. माझी मोठी बहीण सावली तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती मला मास्तरीन म्हणायची, तेही चिडवायला. बाईच्या हाताखाली रोवणाऱ्या बायांची एक टोळी होती. पावसाळ्यात धानाची रोपं चिखलात लावायची, त्याला आम्ही रोवणा म्हणतो. बांध घातलेल्या शेतांच्या बांध्या गुत्त्यानं, ठेका ठरवून घ्यायच्या आणि सकाळपासून दिवस बुडेपर्यंत ओळीनं वाकून मागं मागं सरकत जायचं. ओळीत पहिली बाई असायची. तिचा हात असा चालायचा की बाकीच्यांची दमछाक व्हायची. रोवणा झाला की पोळा. मग दिवाळीच्या मागंपुढं कापणी, त्यानंतर टोळीसकट तेलंगणात मिरची तोडायला. परत आली की मोहफूल, मग तेंदूपत्ता. पत्ता संपतो न संपतो तोच पुन्हा आभाळ भरून यायचं.

अशी बाई गेल्या दिवाळीच्या थोडं आधी एकटीच माझ्या दारात येऊन उभी राहिली. कापणी तोंडावर आली होती. आत आली, खुर्चीवर बसली आणि बसूनच राहिली. मी चहा ठेवला तरी उठून ओट्यापाशी आली नाही.

"कंबर दुखून राह्यली वं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिला चंद्रपूरला नेलं. डॉक्टर तरुण होता, परप्रांतातला. त्याला मराठी येत नव्हती. त्यानं हिंदीत विचारलं, कब से दर्द है?

"पोळ्यापासून," बाई म्हणाली.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं की पोळा म्हणजे बैलांचा सण, पावसाळा सरता सरता येतो. "म्हणजे साधारण दोन महिन्यांपासून," तो इंग्रजीत म्हणाला आणि तसं त्यानं संगणकात घातलं. ठिपक्याची रेघ केली, तीही अगदी बिनचूक. मला त्याचं कौतुक वाटलं. शिक्षकाची खोड, दुसरं काय!

गोळ्या दिल्या, पट्टा दिला, आराम करायला सांगितलं. बाईनं गोळ्या खाल्ल्या, पट्टा बांधला आणि गावी जाऊन कापणीला उतरली. आराम म्हणे! कापणी उभी असताना आराम करणारी माणसं आमच्याकडे जन्माला यायची आहेत.

संक्रांतीच्या सुमारास भाऊजींचा फोन आला. बाईला अंथरुणावरून उठता येत नव्हतं. पुन्हा चंद्रपूर. यावेळी मोठ्या यंत्रात घातलं, रक्त काढलं, काही दिवस ठेवून घेतलं. सुया टोचल्या की तिला थोडं हिंडता-फिरता यायचं. शेवटच्या दिवशी डॉक्टरनं मला एकटीलाच आत बोलावलं. बाई बाहेर बाकड्यावर बसली होती. रोग कंबरेचा नव्हताच. दुसरीकडून सुरू होऊन हाडांपर्यंत पोचला होता. कंबरेतसुद्धा तो आजकालचा नव्हता, वर्ष उलटून गेलं असणार, कदाचित त्याहून जास्त. इतके दिवस ही बाई दुखण्याशिवाय राहूच शकत नाही, डॉक्टर म्हणाला. मग तिनं दोन महिने का सांगितलं?

त्यानं हे अशा सुरात विचारलं जसं काही मीच कॉपी करताना सापडले. माझं पित्त खवळलं. त्याचा राग आला, बाईचा त्याहून जास्त आला. मी तरातरा बाहेर गेले.

"बाई, खरं सांग. कवापासून दुखते?"

"सांगतलं ना वं. पोळ्यापासून."

"अन् मागच्या साली? रोवन्यात नोहोती दुखत?"

"हो, दुखे ना."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी वर्गातल्या ढ पोराकडे पाहते तसं. "अवं, थे रोवन्यातलं होये. रोवन्यातलं दुखनं कोनी धरते का?"

ते खरंच होतं, आणि मला ते लहानपणापासून माहीत होतं. रोवण्यात सगळ्यांचीच कंबर दुखते, म्हणून कुणी बोलत नाही. एखादी नवी सून कण्हली की अख्खी ओळ हसते, तुयीच एकटीची कंबर हाये का वं? ते दुखणं आजारात जमा नसतं, पायाला लागलेल्या चिखलासारखं असतं. पोळ्याला आंघोळ करायची, लुगडं बदलायचं, पुरणपोळी खायची, झालं. पोळ्यानंतरही जे उरतं त्याला दुखणं म्हणायचं. बाई खोटं बोलली नव्हती.

"अन् कापनीत?" मी विचारलं.

"थे कापनीतलं."

"मिरचीत?"

"बापा! दिसभर झाडापाशी वाकून राहा लागते. दुखनारच नाई का?"

"पत्त्यात?"

"पत्त्यातलंबी तसंच वं. काय वकिलावानी विचारून राह्यली!"

मी तिच्या शेजारी बसले. रोवणा वगळला, कापणी वगळली, मिरची, मोह, पत्ता वगळला. वर्षात मग पोळ्याचे चार दिवस उरत होते, दिवाळीनंतर गावच्या जत्रेला, मंडईला पाहुणे येतात ते उरत होते आणि एखाददुसरं लग्न. डॉक्टरनं कब से म्हणून विचारलं तेव्हा बाईनं फक्त तेवढ्या दिवसांतलं सांगितलं होतं. बाकीच्या दिवसांत काय दुखतं ते सांगायचं असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. या विचारानं मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. मला भूक लागली होती. समोर एक माणूस केळी सोलत होता आणि मी त्याच्या हाताकडे बघत होते.

आत जाऊन मी डॉक्टरला समजावलं. कामातलं दुखणं ती मोजत नाही, एवढं एक वाक्य इंग्रजीत नीट जुळवायला मला वेळ लागला. तो टाइप करायचा थांबला. मग त्यानं पुढचं सांगितलं.

"इट इज अ मॅटर ऑफ मंथ्स."

हा शब्दप्रयोग आमच्या पुस्तकात नाही. किती महिने, मी विचारलं. सांगणं कठीण आहे, तो म्हणाला. पावसाळ्यापर्यंत? त्यानं मान हलवली. तोवर नसेल बहुतेक, असं तो अगदी हळू म्हणाला. इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले की इंग्रजीत काळाचं सगळं नेमकं असतं. त्यातही असं एक अर्धवट सोडलेलं वाक्य होतं. मी थँक यू म्हटलं आणि बाहेर पडले. थँक यू कशाबद्दल म्हटलं, कोण जाणे.

परतीची गाडी दुपारची होती. डबा रिकामाच होता. आम्ही समोरासमोर बसलो. मूल स्टेशन मागं पडल्यावर बाईनं विचारलं, "काय म्हने थो डाक्टर?"

"औषध देल्लं. घेत राहा म्हने."

"मास्तरीनबाई," ती म्हणाली, "मी तुयी शाळेतली पोरगी नोहो. कवापर्यंत हाये, थे सांग."

डॉक्टरला निदान इंग्रजीचा आडोसा होता. मला तोही नव्हता. बाहेर कापून मोकळ्या झालेल्या बांध्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत म्हटलं, "येत्या रोवन्यापर्यंत नाई म्हनते."

आता ती रडेल म्हणून मी पदर सावरून बसले होते. तिचा हात धरायचा की खांद्यावर हात ठेवायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"म्हंजे यंदा रोवन्याले जा लागत नाई?" तिनं विचारलं.

"नाई."

"पक्कं?"

"पक्कं."

तिनं पाय वर घेतले, बाकड्यावर लांब केले. कंबरेखाली पिशवी सरकवली. "बरं झालं बापा," असं म्हणाली आणि डोळे मिटले. मी काही बोलायच्या आत तिला झोप लागलीसुद्धा, तोंड थोडं उघडं ठेवून. तिकीट तपासनीस आला, तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं. माझ्या आठवणीत बाईला दिवसाउजेडी झोपलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.