तिनं शेवटची ओळ वाचली

माझं चष्म्याचं दुकान आहे. बावीस वर्षं मी लोकांना उंच खुर्चीत बसवतो, एक डोळा झाकायला लावतो आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतो. आणि एवढा बावीस वर्षांचा अनुभव असूनही मी माझ्या बायकोची नजर वेळेत वाचवू शकलो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आजही हे सांगताना माझी मान खाली जाते.

बायको शिलाईकाम करते. नव्या कपड्यांचं नाही, दुरुस्तीचं. पँट आखूड करायची, बाही आत घ्यायची, बॅगेची चेन बदलायची. मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन आहे. सुईत दोरा ओवते तो पहिल्या फटक्यात. ही गोष्ट मुद्दाम सांगतोय, कारण वर्षभर मी त्याच भरवशावर मूर्खपणा केला.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला लेकीनं फर्मान काढलं. ती अकरा वर्षांची, पण घरात हुकूम तिचाच. "बाबा, महिन्यातून एक रविवार दुकान बंद. आपण तिघांनी बाहेर जायचं. कारणं चालणार नाहीत." मी शब्द दिला आणि पाळलाही. बारा महिने, बारा सहली. प्रत्येक वेळचा एक फोटो लेकीनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सकाळी शर्ट काढायला कपाट उघडलं की ते बारा फोटो समोर येतात. आता मी डोळे मिटून शर्ट काढतो, आणि बऱ्याचदा उलटाच घालतो.

पहिली सहल तळ्यावर होती. नावाड्यानं बायकोला उतरवून घ्यायला डाव्या बाजूनं हात पुढे केला होता. तिनं तो घेतला नाही, तशीच पाय टाकून गेली आणि गुडघाभर पाण्यात उतरली. मी हसून म्हणालो, "दिलेला हातही घ्यायचा नाही, असला ताठा बरा नव्हे." नावाडीही हसला. ती ओली चप्पल पिळत म्हणाली, "मला दिसलाच नाही हो हात."

मार्चमध्ये संग्रहालय. तिथं दोरी लावलेल्या खांबाला तिचा धक्का लागला आणि पितळी खांब असा काही गडगडला की सगळं दालन वळून बघायला लागलं. पहारेकरी तावातावानं आला. मी म्हणालो, "माफ करा साहेब, ही आमची धडकबाई आहे. हिला चालायचा परवाना अजून मिळालेला नाही." पहारेकऱ्याचा राग पळाला, लेक पोट धरून हसली, बायकोही हसली. मला माझ्या हजरजबाबीपणाचं फार कौतुक वाटलं. त्या दिवसापासून घरात तिचं नाव धडकबाई पडलं. दाराला खांदा लागला, धडकबाई. टेबलावरचा पेला पडला, धडकबाई. लेक तर हाकच तशी मारायला लागली.

एप्रिलच्या सहलीनंतर ती आपणहून दुकानात आली. दुपारी, गिऱ्हाईक नसताना. म्हणाली, "जरा बघता का माझे डोळे? डावीकडची माणसं एकदम पुढ्यात येतात. अशी उगवल्यासारखी."

मी तिला खुर्चीत बसवलं. उजवा डोळा झाकला, वाच म्हणालो. तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. डावा झाकला, पुन्हा शेवटची ओळ, न अडखळता. शेवटची ओळ माझी काही गिऱ्हाइकं चष्मा लावूनही वाचत नाहीत. मी टाळ्या वाजवल्या. "डोळे ठणठणीत आहेत बाईसाहेब. लक्ष ठिकाणावर नाही, त्याला माझ्याकडे काच नाही."

ती खुर्चीवरून उतरली. खरंच तिचा चेहरा उजळला होता.

मी बसतो त्या खुर्चीच्या मागे भिंतीवर एक फलक आहे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा डोळ्यांचा दाब तपासून घ्या, काचबिंदू कळतही नाही. मी गिऱ्हाइकांना हे तोंडपाठ ऐकवतो. तक्ता वाचता आला म्हणजे डोळा निरोगी असं नाही, काचबिंदू कडेनं खात येतो आणि मधलं अगदी शेवटी घेतो, हेही सांगतो. दाब मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. बायको तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. त्या दुपारी तो फलक माझ्या पाठीमागे होता आणि तिच्या समोर, पण तिनं तो वाचावा कशाला? तिचा नवराच चष्मेवाला होता.

पुढचे फोटो पाहिले तर सगळं दिसतं. प्राणिसंग्रहालयात ती लेकीची बाही धरून उभी आहे. टेकडीच्या पायऱ्यांवर सगळे समोर बघतायत आणि ही पायाखाली. सप्टेंबरनंतर ती फोटोत फारशी नाहीच. बाकावर बसायची, पिशव्या मांडीवर घेऊन. "तुम्ही दोघं जाऊन या, मी सामान बघते." मी लेकीला म्हणायचो, "तुझी आई म्हातारी झाली बघ." तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचो.

डिसेंबरची सहल बागेत होती. लेक हातात आइस्क्रीम घेऊन डावीकडून पळत आली, "आई, हे बघ!" बायको त्याच क्षणी वळली आणि तिचं कोपर लेकीच्या तोंडावर बसलं. ओठ फुटला, पुढच्या दाताचा टवका उडाला. रक्त बघून माझं डोकं फिरलं. भर बागेत, पन्नास माणसांसमोर, मी ओरडलो, "डोळे फुटलेत का तुझे?"

ती लेकीच्या ओठाला रुमाल दाबून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तसंच असेल बहुतेक."

एप्रिलची दुपार, उगवल्यासारखी माणसं, नावाड्याचा हात, सगळं एका दमात जुळलं. गिऱ्हाइकानं सांगितलं असतं तर मी दुसऱ्या वाक्याला ओळखलं असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दाब मोजला, यंत्रासमोर बसवून नजरेचा नकाशा काढला. डावा डोळा कडेनं जवळजवळ संपला होता, उजव्याचीही डावी बाजू गेली होती. मधे तेवढं स्वच्छ राहिलं होतं, सुईच्या नेढ्याला पुरेल इतकं. डॉक्टर म्हणाले, "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंबांनी टिकवायचा प्रयत्न करू. सात-आठ महिने आधी यायला हवं होतं. कुठे दाखवलं नव्हतं का?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "दाखवलं होतं, एका दुकानात. ते म्हणाले, ठीक आहेत."

"दुकानवाल्यांना काय," डॉक्टर चिडून म्हणाले, "तक्ता वाचला की मोकळे."

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तिची पर्स मांडीवर धरून बसलो आणि थेंब किती वाजता घालायचे ते विचारलं.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी होती. त्या तीन महिन्यांत मला धड जेवण गेलं नाही. बायको रोजच्यासारखीच, मशीन चालवायची, थेंब घालून डोळे मिटून पडायची, मला एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. लेकीनं धडकबाई म्हणणं आपणहून सोडलं. मी तर बायकोला कुठलीही हाक मारायला घाबरायला लागलो.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर नकाशा बघत होते. म्हणाले, दाब आटोक्यात आहे, आणखी गेलेलं नाही. मी म्हणालो, "डॉक्टर, ते दुकान माझं आहे. हिला मीच तपासलं होतं. दाब तपासून घ्या असा फलक माझ्याच पाठीमागच्या भिंतीवर आहे, मला सगळं माहीत होतं, तरी हसण्यावारी नेलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मला म्हणाले, "तो फलक तेवढा समोरच्या भिंतीवर लावा, स्वतःला दिसेल असा."

बाहेर आल्यावर बायको रागावली. वर्षभरात पहिल्यांदाच. "कशाला सांगितलंत? मी सांभाळून घेतलं होतं ना?"

"तू सांभाळलंस तेच सोसत नव्हतं."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. "त्या दिवशी शेवटची ओळ वाचली ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. तुम्ही सांगितलंत म्हणजे डोळ्यांत काही नाही. मग पुढे धडपडले की मी स्वतःलाच शिव्या द्यायचे. लेकीचा दात तुटला तेव्हासुद्धा वाटलं, मीच वेंधळी."

हजरजबाबी माणूस मी, नुसतं माफ कर म्हणालो, पण इतक्या हळू की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

ती जिन्याकडे निघाली. पहिल्या पायरीशी थांबली आणि उजवा हात पुढे करून चाचपडत म्हणाली, "अहो, कुठे गेलात?"

मी तिच्या डाव्या बाजूला होतो, हातभर अंतरावर. मी मागून वळसा घालून उजवीकडे आलो आणि तिचा हात धरला.